उंदराचा ताप आणि रक्ताची साक्ष

कोरियातील युद्धात १९५१ सालापासून संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत एक विलक्षण ताप दिसू लागला. धडधाकट सैनिकास एकाएकी ताप भरे, पाठ दुखे, पुढे लघवी कमी होई, काहींना रक्तस्राव होई. तीन हजारांवर सैनिक आजारी पडले. संशय विषाणूवर होता, उंदरावरही होता. पण प्रयोगशाळेत तो विषाणू काही केल्या हाती लागेना. यात पंचवीस वर्षे गेली.

१९७६ साली हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञांना यश आले. त्यांची युक्ती मोठी मौजेची आहे. चोर सापडत नसेल, तर ज्याने तो पाहिला त्यास विचारावे! या तापातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूला नेमकी चिकटणारी प्रतिद्रव्ये असतात. लींनी पट्टेवाल्या रानउंदराच्या फुप्फुसाच्या पातळ चकत्या काचेवर घेतल्या, त्यांवर बऱ्या झालेल्या रोग्यांचे सीरम घातले, आणि माणसाच्या प्रतिद्रव्यांना धरणारे चमकते रंगद्रव्य वर सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली चकत्या झळकल्या. हंतान नदीवरून त्या विषाणूस ‘हंतान’ हे नाव पडले. मग तीच चकती उलट कामास आली. नव्या रोग्याचे सीरम तिच्यावर घालावे आणि चमक येते का पाहावे.

मात्र चमक आली म्हणजे निदान झाले, असे श्रोत्यांनी समजू नये. जुन्या दुखण्याची प्रतिद्रव्येही वर्षानुवर्षे रक्तात राहतात. म्हणून आता ‘आयजीएम’ ही संसर्गाच्या आरंभी येणारी प्रतिद्रव्ये शोधतात; बहुतेक रोग्यांत ती लक्षणांबरोबरच सापडतात. किंवा दोन नमुने काही दिवसांच्या अंतराने घेऊन प्रमाण वाढले का, ते पाहतात.

१९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तरणीताठी माणसे फुप्फुसांत पाणी भरून दगावू लागली. त्यांचे सीरम जगातील इतर हंता विषाणूंशी थोडेसे जुळले. एवढ्या धाग्यावरून, पीसीआर पद्धतीने जनुकांचे तुकडे वाढवून, काही आठवड्यांत नवा विषाणू ओळखला गेला. तो हरिण-उंदरात निघाला. या प्रकारात तिघांत एकाहून अधिक रोगी दगावतात. खात्रीचे औषध नाही. पण वेळीच ओळख पटली, तर शिरेतून पाणी बेताने देता येते आणि रोग्यास अतिदक्षता विभागात हलविता येते. येथे काही तासांचाही हिशेब असतो.

म्हणून आमच्या मते पहिली तपासणी रक्ताची नव्हेच, ती प्रश्नाची. गेल्या एक ते आठ आठवड्यांत बंद खोली, कोठार झाडले होते काय? उंदरांच्या लेंड्यांची, मुताची धूळ नाकात गेली काय? हे कोणी विचारलेच नाही, तर नमुना प्रयोगशाळेत जाणार कसा? आपल्याकडे तर पावसाळ्यात अशा रोग्यावर लेप्टोस्पायरोसिस किंवा डेंगू हेच शिक्के आधी बसतात, आणि बहुधा ते खरेही असतात. त्या दोन्ही तपासण्या नकारार्थी आल्या आणि प्लेटलेट घसरलेल्या, मूत्रपिंडे थकलेली असली, तर हंताची आठवण व्हावयास हवी. वेल्लोर येथे १९६४ साली चिचुंद्रीत याच कुळातला विषाणू सापडला होता, हंतानच्याही आधी. चिचुंद्री ही उंदीर नव्हे, हे जाता जाता सांगितलेले बरे.