बदलण्याआधी फाइल ओळखा

समजा, एका जुन्या मासिकाचे सगळे अंक संगणकावर आहेत आणि हजारो फायलींत संस्थेचे बदललेले नाव घालायचे आहे. छोटीशी पायथन स्क्रिप्ट हे चुटकीसरशी करते. तेवढ्याच वेगाने ती मजकुराची वाटही लावू शकते. कारण फाइलमध्ये अक्षरे नसतात. असतात ते ० ते २५५ मधले आकडे, म्हणजे बाइट. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे एन्कोडिंग ठरवते, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ते बहुधा नोंदवलेले नसते.

‘म’ हेच अक्षर घ्या. युनिकोडच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये त्याचे २२४, १६४, १७४ असे तीन बाइट होतात. १९९१ च्या भारतीय मानक ‘इस्की’मध्ये एकच, २०४. यूटीएफ-८ ची फाइल विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय एन्कोडिंगने उघडली, तर ‘म’च्या जागी तीन भलतीच चिन्हे दिसतात. इथवर काही बिघडलेले नसते, बाइट जागेवरच असतात. पण चुकीचा वाचलेला हा मजकूर स्क्रिप्टने यूटीएफ-८ म्हणून पुन्हा सेव्ह केला, की बिघाड फाइलमध्येच उतरतो.

म्हणून पहिली चाचणी यूटीएफ-८ ची, आणि तीही कडक. २२४ नंतरचा बाइट १६० ते १९१ मधलाच हवा. नियम मोडला की पायथन एरर देऊन थांबतो. इस्कीतला मराठी परिच्छेद या चाळणीतून सहसा सुटत नाही. या थांबण्याला कंटाळून अनेक जण ‘इग्नोर’चा पर्याय देतात. तो कधीही देऊ नये. न वाचता आलेले बाइट त्यात गुपचूप गळतात आणि परत मिळत नाहीत. लॅटिन-१ हे एन्कोडिंग तर कुठलाही बाइट स्वीकारते; त्याने फाइल उघडली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर आणखी फसवा. तिथे देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे अशी फाइल कडक चाचणीलाही चकवू शकते. तिला त्या फॉन्टचा कन्व्हर्टरच लागतो.

युनिकोडमध्येही मराठीची एक खास अडचण आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘अदृश्य चिन्हे काढा’ अशी सफाई केली, तर जोडकाने लिहिलेला शब्द ‘दुसर्या’ होऊन बसतो.

स्क्रिप्टने मूळ फाइलवर थेट लिहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहावी आणि मगच ती मूळ नावावर आणावी. मध्येच वीज गेली तरी जुना मजकूर शाबूत राहतो. त्याआधी एक तपासणी हवी: वाचलेला मजकूर काहीही न बदलता परत बाइटांत उतरवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी यायला हवी. न आल्यास ती फाइल बाजूला काढा आणि स्वतः उघडून वाचा. सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय मात्र स्क्रिप्ट चालवूच नका.