शेतराखणीची बंदूक

म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर व हेग्गडदेवनकोटे या तालुक्यांत नागरहोळेचे अरण्य शेतांच्या बांधांना येऊन भिडले आहे. नाचणी कणसावर आली की रात्री रानडुकरांचे कळप पिकात शिरतात, आणि गोठ्यातील वासरांवर बिबट्याची दृष्टी असते. अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती कोणते हत्यार असावे?

अमेरिकेतील काही शेतकरी यासाठी पिस्तुलाचे काडतूस वापरणारी कार्बाइन बाळगतात. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. ती खांद्याला टेकवता येत असल्याने नेम स्थिर राहतो, धक्का कमी बसतो. शिवाय पिस्तुलापेक्षा नळी लांब असल्याने गोळीला थोडा अधिक वेग मिळतो. मात्र गोळी पिस्तुलाचीच. 9 मिलिमीटरची गोळी साधारणतः 8 ग्रॅम वजनाची असते आणि शंभर मीटरपलीकडे तिचा जोर बराच ओसरतो. कोल्ह्याएवढ्या प्राण्यास ती पुरते. जाड कातडीचे रानडुक्कर मात्र तिने जखमी होऊन उसात दडण्याचाच संभव अधिक, आणि जखमी डुकरासारखे घातक जनावर विरळा. उलट, नेम चुकलेली गोळी किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. शेजारच्या मळ्यात माचाणावर दुसरा राखणदार जागत असतो, हे अंधारात विसरून चालत नाही.

भारतात हा मार्ग मुळातच बंद आहे. 9 मिलिमीटर हा बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी तोंडाने ठासण्याच्या बंदुकीची तरतूद केली. ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. शेजारच्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजास व जम्मा जमीनधारकांस परवान्यातून सूट असून, 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

परंतु बंदूक बाळगण्याची अनुज्ञा आणि प्राणी मारण्याची अनुज्ञा या दोन भिन्न गोष्टी होत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरास मारण्यासही मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा सकारण लेखी आदेश लागतो. बिबट्या व वाघ पहिल्या अनुसूचीत आहेत. ते मनुष्याच्या जीवितास धोकादायक ठरले, तरी त्यांना पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे अशक्य असल्याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही. स्वसंरक्षणार्थ सद्भावनेने केलेली हत्या हा मात्र अपराध नव्हे.

मग शेतकऱ्याने करावे काय? नागरहोळेच्या सीमेवर हत्तींसाठी जुन्या रुळांची कुंपणे उभारली आहेत. सौर विजेच्या तारा, भक्कम गोठे आणि नुकसानभरपाई हेही उपाय आहेत. भरपाईस विलंब झाला, तार तुटली, की शेतकऱ्याचा हात बंदुकीकडे वळतो. म्हणून शेतराखणीची खरी कसोटी हत्यारापेक्षा कुंपणाच्या निगराणीत आणि भरपाईच्या तत्परतेत आहे. एक डुक्कर पडल्याने कळपाची वाट मोडत नाही. बांधावरचे कुंपण शाबूत राहिले, तरच ती मोडते.