कोजागरीला दुर्बीण काढताय? चंद्रावरची विवरं अष्टमीला बघा!

नवी दुर्बीण घेतली की अनेक जण पौर्णिमेची वाट बघतात आणि गच्चीवर जाऊन हिरमुसतात. चंद्र झगझगीत, पण विवरं जवळजवळ गायब! असं का?

पौर्णिमेला चंद्रावर ऊन आपल्या बाजूने, समोरून पडतं. सावल्या दिसत नाहीत, त्यामुळे उंच-सखलपणा कळत नाही. शुक्ल अष्टमीच्या सुमारास मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं, सावल्या लांबतात. अशाच सावल्यांवरून गॅलिलिओने १६०९ मध्ये चंद्रावर डोंगर असल्याचं ओळखलं.

काय बघाल? सीमेच्या मध्याजवळ टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल या विवरांची रांग. टॉलेमियसचा व्यास सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे रस्त्याने मुंबई-पुणे अंतराएवढा! ५० पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीणही पुरते.

कोजागरीला मसाला दूध प्या; दुर्बीण अष्टमीला काढा.