बोटीची सहल : काय ठरवायचे आणि काय मोकळे सोडायचे?

ऊस कारखान्याला गेला, द्राक्षाचे पैसे हाती आले किंवा थोरल्याला पुण्यात बरी नोकरी लागली, की घरात हमखास एक विषय निघतो. ‘एकदा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जाऊन येऊ.’ पूर्वी हे ‘कुठेतरी’ म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी-रामेश्वर. आता त्यात बोटीच्या सहलीचीही भर पडली आहे. ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही आरामबोट सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली, तेव्हापासून शहरात राहणारी मुले-सुना आई-वडिलांना या बोटीवर नेऊ लागल्या आहेत.

कोकणातल्या मंडळींना बोट काही नवी नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींनी त्यांच्या दोन-तीन पिढ्या गावाला नेल्या-आणल्या. डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्या माणसाच्या पायाशी डोके ठेवून झोपायचे आणि बंदर आले की खालच्या होडीत जीव मुठीत धरून उतरायचे, असा तो प्रवास. आजची आरामबोट म्हणजे तरंगते हॉटेल. ‘एम्प्रेस’ १९९० साली फ्रान्समध्ये बांधली गेली आणि परदेशी पाण्यात तीस वर्षे फिरून इकडे आली. लांबी दोनशे मीटरवर. जेवणखाण, पोहण्याचा तलाव, नाटक-गाण्याचे सभागृह, सगळे तिच्यावरच. कोकणच्या आगबोटीवर माणूस गावाला पोचण्यासाठी बसत असे, इथे बसणे हीच सहल.

आणि इथेच घरोघरी घोळ होतो. काही घरांत एखादा हौशी मुलगा वहीत मिनिटामिनिटाचा कार्यक्रम लिहून आणतो. साडेसातला नाश्ता, आठला उतरणे, साडेनऊला चर्च, अकराला देऊळ. तिसऱ्या दिवशी सगळे दमलेले आणि एकमेकांवर चिडलेले असतात. दुसऱ्या घरांत काहीच ठरवलेले नसते. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणत अर्धा दिवस न्याहारीच्या टेबलावर जातो, आणि धक्क्यावरच्या फेरीची तिकिटे संपलेली असतात. शेतकऱ्याला खरे तर हे कोणी शिकवायला नको. पेरणीचा दिवस आपण दिनदर्शिका पाहून ठरवत नाही, वाफसा पाहून ठरवतो. पण बियाणे आणि खत मात्र मृगाच्या आधी घरात आणून ठेवतो. बोटीच्या सहलीचेही तसेच आहे. आधी आणून ठेवण्याच्या गोष्टी वेगळ्या आणि वाफसा पाहून करण्याच्या वेगळ्या.

बोट थांबत नाही

आधी ठरवायच्या गोष्टींत पहिली म्हणजे हंगाम. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईकडच्या फेऱ्या पावसाळा सरल्यावरच पाहाव्यात. दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात भाडे चांगलेच चढते. खरीप निघाला, रब्बीची पेरणी उरकली आणि ऊसतोडीची टोळी अजून आपल्या फडात यायची आहे, असा मधला आठवडा सापडला तर तो साधावा. ओळखपत्रे सर्वांची हवीत, तान्ह्या मुलाचेसुद्धा. लक्षद्वीपला जायचे असेल तर बाहेरच्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो. तो कोण काढणार, कंपनी की आपण, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट बंदरावरच्या वेळेची, आणि हिच्यावर थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. समजा, बोट गोव्याच्या मुरगाव बंदरात सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. ऐकायला नऊ तास वाटतात. पण शेकडो माणसे शिडीवरून उतरायची, त्यात तास जातो. बोट सुटण्याआधी तासभर सर्वांनी परत आलेच पाहिजे असे धरा. म्हणजे उरले सात तास. मुरगावहून जुन्या गोव्याला किंवा फोंड्याकडच्या देवळांना जायला तास-सव्वा तास, यायला तितकाच. राहिले साडेचार. त्यात जेवणाला तास गेला, की हाती साडेतीन तास. एवढ्या वेळात जुन्या गोव्याचे बॉम जेझूचे चर्च, मंगेशी, शांतादुर्गा, पणजीचा बाजार आणि समुद्रकिनारा हे सर्व कोंबायला गेले, की काहीच पाहून होत नाही, नुसते गाडीत चढणे-उतरणे होते.

तेव्हा एका बंदरावर एकच ठिकाण पक्के करावे. ते कोणाच्या आवडीचे, हे घरी बसूनच ठरवावे. आजीला मंगेशीचे दर्शन घ्यायचे असेल आणि नातवंडांना वाळूत खेळायचे असेल, तर दोघांनाही अर्धे-अर्धे देण्यात शहाणपण नाही. गोवा आजीचा आणि लक्षद्वीपची वाळू मुलांची, अशी वाटणी केली तर दोघेही खूष राहतात.

आता फेरी कंपनीची घ्यायची की बाहेर गाडी करायची? कंपनीची फेरी महाग पडते आणि पन्नास माणसांच्या मागे फिरावे लागते. पण तिचा एक मोठा फायदा असतो. कंपनीच्याच बसला रस्त्यात उशीर झाला, तर बोट सहसा तिची वाट पाहते किंवा पुढची व्यवस्था करते. तुम्ही स्वतः केलेल्या गाडीचे टायर फुटले, तर बोट निघून जाते. यष्टीचा कंडक्टर ‘अहो, थांबा, पाटलीणबाई येताहेत’ म्हणून घंटी धरून ठेवतो, तसे इथे होत नाही. धक्क्यावरची जागा तासांच्या हिशेबाने घेतलेली असते, बोट बाहेर काढायला बंदराचा वाटाड्या ठरल्या वेळी येतो आणि पुढचे बंदर गाठायचे असते. आमचे मत असे, की सोबत म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील आणि ठिकाण लांबचे असेल, तर कंपनीची फेरी घ्यावी. ठिकाण धक्क्याच्या जवळच असेल तर आपली गाडी बरी, मनाला येईल तिथे थांबता येते. मात्र परतीच्या वेळेत एक तास अधिक धरावा. आणि बोटीवर परतायची वेळ प्रत्येकाच्या, मुलांच्यासुद्धा, खिशात कागदावर लिहून ठेवावी.

बोट सुटताना जी सुरक्षेची कवायत होते, तीही कोणी टाळू नये. लाइफ जॅकेट कसे बांधायचे आणि संकटात कोणत्या जागी जमायचे, एवढेच सांगतात, पण काही लोक ‘ते काय ऐकायचे’ म्हणून खोलीत बसून राहतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग-पेणकडच्या घरांत ती आठवण अजून काढतात. ‘टायटॅनिक’ १९१२ साली बुडाली, त्यानंतर दोन वर्षांनी समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षेसाठी देशादेशांचा करार झाला आणि पुढे तो सुधारत गेला. ही कवायत त्यातूनच आलेली आहे.

कोणाची सुट्टी?

एवढे झाले, की बाकीचे मोकळे सोडावे. बोटीवर दिवसभराची कार्यक्रमपत्रिका मिळते. त्यात सकाळच्या योगासनांपासून रात्रीच्या जादूच्या प्रयोगापर्यंत वीस-पंचवीस गोष्टी असतात. पैसे भरले आहेत म्हणून सगळ्या पाहिल्याच पाहिजेत, असा आपला स्वभाव. लग्नाच्या पंगतीत पोट भरले तरी जिलेबी सोडवत नाही, तसे. प्रत्येकाने एका दिवसात एकाच गोष्टीवर खूण करावी. मुलांनी जादू, आजोबांनी भजन-गाणी असतील तर ती, आणि उरलेला वेळ जसा येईल तसा जाऊ द्यावा.

पण ‘मोकळा वेळ’ म्हणजे कोणाचा मोकळा वेळ, हे आपल्या घरांत कोणी विचारत नाही. पुरुषमंडळी डेकवर खुर्ची टाकतात, मुले तलावात उतरतात, आणि घरातली बाई ओले कपडे गोळा करीत, औषधाच्या वेळा सांभाळीत, ‘सगळ्यांचे जेवण झाले का’ विचारीत फिरते. तिला तीन दिवस चूल पेटवावी लागत नाही, हे खरे. पण डोक्यातली चूल काही विझत नाही. वर्षानुवर्षे पहाटे पाचला उठून धारा काढणाऱ्या बाईच्या वाट्याला रिकामा तास कधी आलेलाच नसतो. तो आपोआप येईल अशी वाट पाहत बसलात तर सहल संपेल, तरी येणार नाही.

लक्षद्वीपचेच उदाहरण घ्या. ही बेटे पोवळ्यांची आहेत. भोवतीचे पाणी उथळ, म्हणून मोठी बोट बाहेरच खोल पाण्यात उभी राहते आणि माणसे लहान बोटींतून बेटावर नेतात. मोठ्या बोटीतून हलत्या लहान बोटीत पाय टाकायचा असतो. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते जमेलच असे नाही. मग आजीजवळ बोटीवर कोण थांबणार? न विचारता उत्तर ठरलेले असते, सूनबाई. ती हसून ‘मला काही हौस नाही’ म्हणते आणि आपण ते खरे मानतो. म्हणून हे घरूनच ठरवून निघावे, की सकाळी मुलगा आईजवळ थांबेल, नाही तर जावई थांबेल. आजीलाही आधीच सांगावे, म्हणजे ऐन वेळी तिचे मन खट्टू होत नाही. घरातल्या एका माणसाला ठरवल्याशिवाय काही करायची मुभा द्यायची, तर दुसऱ्या माणसाची पाळी ठरवावी लागते.

समुद्र उठला तर बेटावर उतरणे रद्दही होते. त्यावर कोणाचा इलाज नाही, कप्तानाशी हुज्जत घालू नये. फेरीचे पैसे परत मिळण्याचा नियम काय आहे, तो आधी वाचून ठेवावा. अशा वेळी पत्त्यांचा कॅट आणि घरून नेलेला चिवडा उपयोगी पडतो, पण बाहेरचे खाणे बोटीवर चालते का, ते विचारून मगच बांधावा.

खेड्यातल्या माणसाला बोटीवर एक गोष्ट फुकटात मिळते. शहरातली मंडळी रात्री बारा-एकपर्यंत जागतात आणि नऊला उठतात. आपले डोळे पाचला उघडतात. त्या वेळी वरच्या डेकवर चिटपाखरूही नसते. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला असतो, पूर्वेकडे हळूहळू फटफटते आणि मासेमारीच्या होड्यांचे दिवे एक-एक करून फिके होतात. हे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसते. धनीण उठली असेल तर तिच्याबरोबर चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसावे. मुलांना झोपू द्यावे.

खर्चाचे

खर्चात मात्र लहर नको. जेवण भाड्यात असते, पण बंदरावरच्या फेऱ्या, थंड पेये, फोटो आणि खेळ यांचे पैसे वेगळे लागतात. रोख पैसे मोजावे लागत नाहीत, कार्ड दाखवले की नाव लिहून घेतात, त्यामुळे गावच्या दुकानातल्या उधारीच्या वहीसारखे होते. रोज संध्याकाळी किती झाले ते विचारून घ्यावे. जुगाराची खोलीही अशा बोटींवर असते. तिकडचा रस्ता न विचारलेला बरा. समुद्रात आपल्या फोनला रेंज नसते आणि बोटीवरच्या यंत्रणेचे दर जबर असतात, तेव्हा गाईला कधी दिवस भरले आहेत, मोटारीची पाळी रात्रीची की दिवसाची, हे शेजाऱ्याला नीट सांगून आणि लिहून देऊनच घर सोडावे. बोट लागण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोट हलण्यापूर्वी घ्यावी. खोली निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची घ्यावी, तिथे डुलणे कमी जाणवते.

ज्यांना एवढा खर्च आणि एवढे दिवस जमत नाहीत, त्यांनी हिरमुसू नये. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मार्च २०२० पासून गाड्यांसकट माणसे नेणारी मोठी बोट सुरू झाली, तासाभराचा प्रवास आहे. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाता येते, पावसाळा सोडून. होडीवाले साधारण तासाभराचा अवधी देतात आणि त्याच होडीने परतायचे असते. म्हणजे तिथेही तोच हिशेब आला. शिवराजेश्वराचे देऊळ सर्वांनी मिळून पाहावे आणि मग ज्याला जिकडे वाटेल तिकडे त्याला फिरू द्यावे. तटावर वारा फार असतो, टोप्या सांभाळाव्यात. चहूबाजूंनी खारे पाणी असून किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. विहीर खणलेल्या माणसाचा त्यांच्या काठावर तासातला निम्मा वेळ सहज जाईल, तेव्हा होडीची वेळ कोणीतरी लक्षात ठेवावी.