मोडीतले सात आणे

मोडी कागद देवनागरीत उतरवणारे जाणकार आपल्याकडे आहेत. पण मोडी कागद मोडीतच टंकता येतो का, ते बघा, असं संपादकांनी सुचवलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून तंजावरच्या सरस्वती महालापर्यंत मोडी कागदांचे ढीग आहेत, तेव्हा प्रश्न लहान नव्हता.

१८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला. पुढे छपाई बाळबोध झाली, विसाव्या शतकाच्या मध्यात मोडी शाळेतूनही गेली. २०११ मध्ये अंशुमन पांडे यांनी युनिकोडसाठी मोडीचा प्रस्ताव लिहिला आणि २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये लिपीला ७९ खुणांची जागा मिळाली. आता ‘नोटो सान्स मोडी’सारखा फॉन्ट आणि मोडीचा कळफलक बसवला की साध्या एडिटरमध्येही अक्षरं उमटतात.

मला खिळवून ठेवलं ते जमाखर्चातल्या आण्यांनी. पाव रुपयाला, म्हणजे चार आण्यांना, एक उभी रेघ, आठ आण्यांना दोन, बारा आण्यांना तीन. सुटा आणा आडव्या, कधी तिरक्या रेघेने. दोन आण्यांना तशा दोन, तीन आण्यांना तीन. म्हणजे सात आणे लिहायला एक उभी आणि तिच्यापुढे तीन आडव्या. पंधरा आणेसुद्धा सहा रेघांत आटपतात. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या कारकुनाला हे मोजावंही लागत नसेल. किती नेटकी रीत!

युनिकोडने या खुणा २००९ मध्येच, मोडी अक्षरांच्या पाच वर्षं आधी, घेतल्या. इतर लिप्यांच्या हिशेबातही त्या चालत, म्हणून त्यांचा गट निराळा आहे. पाव, अर्धा, पाऊण आणि एक, दोन, तीन आणे अशा सहा खुणा. प्रत्येकीबरोबर तिची किंमतही नोंदलेली. सात आण्यांना दोनच खुणा पुरतात. सवयीने पावाच्या जागी दंड टंकला तर पडद्यावर फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते विरामचिन्ह होतं आणि बेरजेतून चार आणे जातात.

खऱ्या अडचणी पुढे आहेत. मोडीच्या एका अक्षराला चार बाइट लागतात. जुन्या माय-एसक्यूएल डेटाबेसमधला ‘यूटीएफ-८’ तीनच देई. त्यात आणे मावतात, अक्षर आलं की मजकूर तिथेच तुटतो किंवा नाकारला जातो. हे नव्या मांडणीत सुटलंय, पण जुन्या प्रणाली अजून चालू आहेत.

त्याहून अवघड अक्षरांच्या माथ्यावरची रेघ. लेखक आधी पानभर रेघ ओढी आणि तिला अक्षरं लटकवत जाई. शब्दांमध्ये जागा नसे. एडिटरला शोधायला, ओळ मोडायला जागा हवी. ती सोडली की टंकणाऱ्याचं वाचन कागदात शिरतं, आणि मूळ कागदात संदिग्ध असलेली जागा पक्की होऊन बसते.

वेलांटीचंही तेच. ऱ्हस्व-दीर्घ हा भेद मोडीत सहसा पाळला जात नसे, युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वेलांट्या आहेत. एकाने पहिली टंकली, दुसऱ्याने दुसरी, तर एकाच गावाचं नाव शोधताना निम्मे कागद सापडतच नाहीत. म्हणून कोणती वेलांटी घेतली, शब्द कुठे तोडले, हे प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिलंच पाहिजे, आणि तो नियम सगळ्या दफ्तरांत एक हवा. तो ठरण्याआधी हजारो पानं टंकली गेली, तर दुरुस्तीसाठी तेच जीर्ण कागद पुन्हा उलगडावे लागतील.