विजेच्या बिलातले आपले पैसे

सोयाबीनची सोंगणी संपली तेव्हाची गोष्ट. धाडला एका घरी मातीचे नमुने न्यायला गेलो होतो. चहा होईतो वहिनींनी विजेचे बिल पुढे केले. "साहेब, खताच्या पिशवीवरचं वाचता, हे पण वाचा ना. एकदम एवढं बिल कसं आलं?"

सुगीत सारे घर शेतात, दाराला कुलूप आणि मीटर आत. तीन महिने नोंदच झाली नव्हती. सरासरीची बिले आली आणि मग एकदम २७० युनिट निघाले. अशा वेळी एक गोष्ट जरूर पाहावी. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, पुढच्यांचा जास्त. तीन महिन्यांचे युनिट एकाच महिन्याचे धरले तर १७० युनिटांना चढा दर लागेल. तीन महिन्यांत वाटले तर महिन्याला ९० येतात, म्हणजे सगळेच स्वस्त दरात बसतात. या बिलात वाटणी केलेली होती, आधी भरलेली रक्कमही वजा होती. ती नसती, तर अर्ज करून मागता आली असती.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण माझी नजर बिलाच्या तारखांवर गेली. महावितरणच्या बिलावर शेवटच्या तारखेआधीची आणखी एक तारीख असते. तोवर भरले तर कर वगळून एक टक्का सूट मिळते. मोबाईलवरून भरले तर आणखी पाव टक्का. शेवटची तारीख हुकली की सव्वा टक्का आकार उलट आपल्यावर चढतो. कागदी बिल नको, ई-मेलवर चालेल, असे कळवले तर बिलात सूट मिळते. त्याच्या नोंदणीला लागणारा क्रमांक कागदी बिलावरच छापलेला असतो. रकमा लहान आहेत, हे खरे. पण बियाण्याच्या पिशवीमागे पाच रुपयांसाठी आपण दोन दुकाने फिरतोच की!

दुसरे अनामत रकमेचे. जोडणी घेताना भरलेल्या ठेवीवर व्याज देणे वीज कायदा २००३ प्रमाणे बंधनकारक आहे. जोडणी बंद केली तर ठेव परत मिळते. या घरचे मीटर मात्र अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर! नाव बदलून घेतल्याशिवाय त्या पैशावर हक्क सांगणे जड जाते. मृत्यूचा दाखला पेटीत होताच, तो वहिनींनी लगेच काढून ठेवला.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मिळणारी मोफत वीज शेतीपंपापुरती आहे. घरच्या मीटरशी तिची गल्लत करून बिल थकवू नये. शंका असल्यास १९१२ वर विचारावे.

निघताना पाहिले, बिल देवाच्या फळीवरून उतरून दिनदर्शिकेच्या खिळ्याला लागले होते, आणि पहिल्या तारखेला कुंकवाचा टिपका होता.