सुरुवात एकत्र, मग फारकत

दोन मोबाइलवर एकच गाणं लावा आणि अगदी एकाच क्षणी बटण दाबा. तरीही काही मिनिटांनी आवाज पोकळ वाटू लागतो आणि तासाभरात चक्क प्रतिध्वनी ऐकू येतो. एकत्र सुरू होणं सोपं आहे, खरी कसोटी एकत्र राहण्याची.

प्रत्येक यंत्र स्वतःच्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठेक्यावर सेकंदाला आवाजाचे हजारो नमुने, उदाहरणार्थ 44,100, वाजवतं. हुबेहूब सारखे दोन स्फटिक मिळत नाहीत, तापमानानेही त्यांची गती हलते. दहा लाखांत 50 भागांचा फरक धरला, तर मिनिटाला 3 मिलिसेकंद अंतर पडतं, तासाला 180. आणि आपला कान फार तिखट! आवाजाची दिशा तो एका मिलिसेकंदाहून कमी फरकावरून ओळखतो. ध्वनिसंशोधक हेल्मुट हास यांनी 1949मध्ये दाखवलं, की तोच आवाज दुसऱ्यांदा साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत आला तर बोलणं एकच वाटतं. त्यापुढे मात्र ते फुटू लागतं.

म्हणून यंत्रांना आधी एकमेकांची वेळ कळावी लागते. संगणकांची घड्याळं जुळवणाऱ्या, डेव्हिड मिल्स यांच्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलची युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते. विचारणा निघाली, पोहोचली, उत्तर निघालं, परतलं. या चार नोंदींवरून घड्याळांतला फरक काढता येतो. त्यात जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो असं गृहीत धरलेलं असतं. वायफायवर ते हमखास खरं नसतं. मग पुन्हा पुन्हा विचारायचं आणि लवकरात लवकर परतलेल्या उत्तरांवर भिस्त ठेवायची.

फरक कळला तरी काम संपत नाही. मागे पडलेल्या यंत्राने एकदम उडी मारली, तर ‘टक्’ असा आवाज येतो. त्याऐवजी ते कानाला कळणार नाही इतक्या बेताने वेग वाढवतं, आणि हे गाणं संपेपर्यंत चालू राहतं.

मोठ्या मैदानावरच्या कीर्तनात मात्र सगळे स्पीकर एकाच क्षणी वाजणं हीच चूक ठरते. आवाज 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला जवळच्या स्पीकरमधून शब्द आधी मिळतो आणि मंचावरून तोच उशिरा येतो, म्हणून कीर्तन त्याला कळत नाही. ध्वनियोजना करणाऱ्यांनी दूरचे स्पीकर अंतराच्या हिशेबाने उशिरा वाजतील अशी सोय करावी. बहुतेक डिजिटल मिक्सरवर ती असतेच.